बाबांचं अलॉटमेंट लेटर

माझा धाकटा भाऊ स्वतःला बिझनेसमन म्हणवतो. भोपाळजवळ मंडीदीपला त्याची पुठ्ठ्याची खोकी बनवायची एक शेड होती. आता त्या शेडमध्ये दुसरंच कोणीतरी खोकी बनवतं आणि हा गॉगल कपाळावर चढवून 'मार्केट डाउन है' असं सांगत हिंडतो. त्याच्याविषयी चांगलं लिहायचं म्हटलं असतं तर हे पान कोरंच राहिलं असतं. आई होती तेव्हा म्हणायची, त्याचा स्वभाव गरीब आहे. आईला माणसं ओळखता येत नसत, एवढंच मी त्यावर म्हणेन.

आमचे बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. नोकरी लागली तेव्हा पुण्याहून आले आणि भोपाळचेच होऊन गेले, मात्र घरात मराठी शुद्ध हवी हा हट्ट सोडला नाही. एखादं माप केसभर चुकलं तरी तो नग परत पाठवायचा, मग समोर इंजिनियर असो की मोठा साहेब, अशी त्यांची ख्याती होती. अशा माणसाने आपलं राहतं घर माझ्या भावाला कसं लिहून दिलं, हा प्रश्न पुढे मला सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्यालाच कळेल, म्हणून ते आधी सांगते.

टाउनशिपमध्ये क्वार्टर कोणाच्या मालकीचं नसतं. मिळतं ते अलॉटमेंट लेटर, आणि त्यावर अटी असतात. परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, झाड तोडायचं नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही. अट मोडली तर अलॉटमेंट रद्द. ताबा घेताना ऑफिसचा माणूस यादी घेऊन येतो, पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा मोजतो आणि सही घेतो. सोडतानाही तसंच. वडील रिटायर झाले आणि मुलगा कारखान्यातच लागलेला असला, की तेच क्वार्टर मुलाच्या नावावर व्हायचं. दारावरची पाटी बदलायची. म्हातारा त्याच खोलीत, त्याच खाटेवर, पेपर वाचत पडलेला असायचा. आमच्या ओळीत चार घरांत हे झालेलं बाबांनी पाहिलं होतं. घर मुलाच्या नावावर करणं म्हणजे दारावरची पाटी बदलणं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तीस-पस्तीस वर्षं क्वार्टरमध्ये काढल्यावर त्यांना मालकी या गोष्टीची सवयच उरली नव्हती.

रिटायर झाल्यावर त्यांनी कोलार रोडला एक घर बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून जिन्याची एक खोली. आई त्यात दोन वर्षं राहिली आणि गेली. भाऊ-भावजय आधीपासूनच सोबत होते, म्हणजे बाबांच्या पेन्शनवर होते. मी चार किलोमीटरवर टाउनशिपमध्येच. माझा नवराही त्याच कारखान्यात, आणि आमचंही क्वार्टरच.

मग एक दिवस भावाला मोठं कर्ज काढायची उबळ आली. "बाबा, बँकवाले बोलतात मकान माझ्या नावावर पाहिजे. फक्त फॉर्मॅलिटी आहे हो," असं तो म्हणाला. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ठीक आहे, तुला अलॉट करतो. अलॉट हाच शब्द त्यांनी वापरला. मी तिथेच बसून शेंगा सोलत होते. मला हसू आलं, आणि भावालाही. तेव्हा आम्हा दोघांत एवढं तरी साम्य होतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी मला साक्षीदार म्हणून नेलं. महाराष्ट्रात ज्याला बक्षीसपत्र म्हणतात त्याला इकडे दानपत्र म्हणतात. दस्त लिहिणाऱ्याने ठरलेला मजकूर टाइप करून ठेवलाच होता. बाबांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पिशवीतून स्वतःच्या हाताने लिहिलेला फुलस्केप कागद काढला आणि म्हणाले, यात अटी नाहीत. त्या कागदावर सहा अटी होत्या. समोरची खोली, संडास-बाथरूमसह, देणाऱ्याकडे राहील. दोन वेळचं जेवण, तीन वेळचा चहा. औषधपाणी. उन्हाळ्यात कूलरमध्ये रोज पाणी भरणे. पोटभाडेकरू ठेवू नये. आणि सहावी, यातली कुठलीही अट मोडल्यास अलॉटमेंट रद्द समजावं.

दस्त लिहिणारा पोट धरून हसला, आणि मला नि भावालाही हसू फुटलं. भाऊ म्हणाला, डाल दो भाई, बुजुर्ग का दिल रख लो. पण सहाच्या सहा टाकायला त्या माणसाची तयारी नव्हती. घासाघीस चालली. कूलरसकट सगळं आलं नाही तर सही करणार नाही, असं सांगून बाबा बाकावर बसून राहिले. जेवणाची सुट्टी होऊन गेली. मी घामाने भिजले होते आणि मला बाबांची लाज वाटत होती. चारचौघांत, सरकारी कचेरीत, चहा आणि कूलरसाठी हटून बसलेला आपला बाप पाहून लाज वाटावी इतकी मी कोती होते, हे आज लिहिताना बोचतं. शेवटी दोन-तीन ओळींत सगळं बसवलं: पानेवाला देनेवाले की आजीवन सेवा, भरण-पोषण और चिकित्सा करेगा, सामने का कमरा देनेवाले के पास रहेगा, किरायेदार नहीं रखा जाएगा, संलग्न सूची की शर्तें लागू रहेंगी, ऐसा न करने पर दानपत्र निरस्त माना जाएगा. आणि बाबांचा फुलस्केप 'सूची' म्हणून मागे जोडला. मी साक्षीदार म्हणून सही केली. वाचली नाही. उन्हात कागद वाचत उभं राहायची माझी इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाबांची जबाबदारी आता लेखी भावाकडे गेली याचा मला आनंदच झाला होता.

कर्ज भावाला मिळालं नाहीच. शेडच्या कागदांतच घोळ होता. घर मात्र नावावर राहिलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि ते इतकं ठरावीक आहे की सांगताना कंटाळा येतो. माझ्या भावाला नालायकपणाही नवा सुचला नाही. पेन्शनचं कार्ड आधी 'सोयीसाठी' भावजयीकडे गेलं. तिचा आवाज मऊ, आणि प्रत्येक वाक्यामागे 'ना बाबा' असायचं. मग समोरच्या खोलीत भावाने एका कुरिअरवाल्याचं ऑफिस बसवलं आणि बाबांना वर जिन्याच्या खोलीत हलवलं. हवा चांगली लागते म्हणे. मे महिन्यात भोपाळमध्ये टाकीशेजारच्या खोलीत कसली हवा लागते ते त्याने तिथे एक दुपार झोपून पाहायला हवं होतं. आणि त्याच वर्षी टाउनशिपच्या मंडळाने गणपतीत ज्येष्ठांचा सत्कार ठेवला, तेव्हा हाच गृहस्थ सिल्कचा कुर्ता घालून बाबांचं कोपर धरून स्टेजवर चढला. निवेदिकेने त्याला आजच्या काळातला श्रावणबाळ म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण उठूनही गेले नाही. मला तेव्हा जिन्याच्या खोलीचं माहीत होतं.

मग बाबा आठ दिवस माझ्याकडे राहायला आले. नवव्या दिवशी मी त्यांना सोडायला गेले तर फाटकाला नवं कुलूप, आणि भिंतीवर रंगाने लिहिलेलं 'मकान बिकाऊ है', खाली एका दलालाचा नंबर. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, बाबा तुझ्याकडे खुश आहेत ना, मग काय प्रॉब्लेम आहे. बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी रंगवलेली ओळ वाचली आणि विचारलं, विकणे आहे म्हणजे? अलॉटमेंटचं घर विकता येतं का?

तेव्हा मी त्यांना रस्त्यावर उभ्या उभ्या समजावून सांगितलं की हे क्वार्टर नव्हे, घर त्याचं झालंय, तो विकू शकतो. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, पण अटी मोडल्यात ना त्याने. आपण अर्ज करू. रद्द होईल. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला.

त्यानंतरचे काही दिवस मी ज्यांना भेटले त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांची लायकी तेवढीच आहे. नागपूरच्या आत्या म्हणाल्या, घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. आमचे चुलत मेहुणे म्हणाले, मुलगाच आहे शेवटी, देईल सांभाळून. सांभाळत नाही म्हणूनच मी फोन केला होता. पोलीस ठाण्यातल्या माणसाने घरेलू मामला है म्हणून चहा पाजला. जवाहर चौकात एका साडीच्या दुकानावर ऑफिस असलेल्या वकिलाने सांगितलं की दिवाणी दावा लावू, आणि किती वर्षं लागतील विचारलं तर त्याने उलट बाबांचं वय विचारलं. तो निदान प्रामाणिक होता.

शेवटी कोर्टातल्या मोफत मदतीच्या खिडकीशी गेलो. तिथे एक तरुण वकील मुलगी बसली होती, माझ्या मुलीपेक्षाही लहान. पण जे इतक्या जणांनी सांगितलं नव्हतं ते तिने पंधरा मिनिटांत सांगितलं. आधी बँकेत जा, कार्ड बंद करा, पिन बदला, पेन्शनच्या खात्यावर दुसऱ्या कोणाची सही चालत असेल तर ती काढा. मुखत्यारपत्र कुठे दिलं असेल तर ते रद्द केल्याची लेखी नोटीस पाठवा. फसवणुकीची फौजदारी तक्रार करता येते, पण तिला पुरावा लागतो आणि वेळ लागतो. आणि तुमच्यासाठी खरा रस्ता वेगळा आहे, असं म्हणून तिने ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं सांगितलं. एसडीएमपुढे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरण असतं, साध्या कागदावर अर्ज करायचा, वकील लागत नाही, चालतही नाही. मुलाकडून पोटगी मागता येते. आणि सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि तो सांभाळत नसेल, तर ते देणंच रद्द करून मागता येतं.

"पण," ती म्हणाली, "दानपत्र में शर्त लिखी है क्या? ज़्यादातर लोग प्रेम में लिखते ही नहीं. वहीं मामला अटक जाता है."

बाबांनी पिशवीतून फाइल काढली. फाइलवर त्यांच्या वळणदार अक्षरात 'अलॉटमेंट – कोलार रोड' असं लिहिलेलं होतं. रजिस्ट्री झाली त्याच आठवड्यात त्यांनी दस्ताची नक्कल काढून घेतली होती, प्रत आपल्याकडे असलीच पाहिजे म्हणून. त्या वकील मुलीने ती वाचली. मग मागे जोडलेला फुलस्केप वाचला, कूलरसकट. ती हसली नाही. तिने विचारलं, ये किसने लिखवाया? बाबा म्हणाले, मैंने. ती उठून उभी राहिली आणि त्यांना बसायला आतली खुर्ची दिली.

मी त्या वेळी भिंतीकडे पाहत होते. ज्या कागदाला मी हसले होते, आता सगळं त्याच एका कागदावर उभं होतं.

अर्ज बाबांनी स्वतः लिहिला. पहिल्याच तारखेला घर विकायला मनाई झाली. दुसऱ्या तारखेला भाऊ वकील घेऊन आला, तर अधिकारीबाईंनी वकिलाला बाहेर बसायला सांगितलं. मग हा स्वतः बोलायला लागला. वडील विसरभोळे झालेत, बहीण त्यांना भडकवते आहे. आणि मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, दानपत्र पे गवाह ये खुद है. उस दिन हँस रही थी. जीजाजी अगले साल रिटायर हैं, क्वार्टर जाएगा. इसको मकान चाहिए."

अधिकारीबाईंनी मला विचारलं, "आपने पढ़कर दस्तख़त किए थे?"

मी म्हटलं, "नहीं."

बाबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रोजच्या नोंदींची आपली डायरी उघडली आणि इन्स्पेक्शनचा रिपोर्ट वाचावा तशी एकेक अट आणि तिच्यापुढे काय झालं ते वाचायला घेतलं. अट पहली, कमरा: कूरियर को दिया, बोर्ड की फोटो संलग्न. अट दूसरी, चाय: सुबह की बंद, बाक़ी अनियमित. अट चौथी, कूलर: पूरी मई में एक बार भी नहीं. हिंदी-मराठीची अशी खिचडी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. आवाज चढला नाही, रडले नाहीत. अख्ख्या खोलीत एकट्या माझ्या भावाला वाटत होतं की म्हातारा हास्यास्पद दिसतोय. त्याच्या ओठांवर ते रजिस्ट्रीतलं हसू अजून होतं, आणि ते हळूहळू उतरताना मी पाहिलं. इतकं समाधान मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

दानपत्र रद्द झालं. घर बाबांच्या नावावर परत आलं आणि भावाने ते महिन्याभरात सोडावं असं ठरलं. वर जाईन, हायकोर्टात जाईन, असं तो चारचौघांत सांगत होता. गेला नाही. हायकोर्टात जायलाही माणसाला सकाळी उठावं लागतं.

ताबा घ्यायच्या दिवशी बाबा यादी घेऊन गेले. आमच्या लहानपणी ऑफिसचा माणूस आणायचा तशीच, रुळाने रेघा मारून केलेली. भावाचं सामान टेम्पोत चढत होतं आणि बाबा खोलीखोलीतून पंखे मोजत होते. पंखे सात. नळ नऊ, पैकी एक गळका. काचा सगळ्या, जिन्याच्या खोलीतली एक सोडून. भावजय दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. कुरिअरवाल्याचा बोर्ड काढताना भिंतीचा पोपडा निघाला तेव्हा तिने पदर काढून पाहिलं. भाऊ शेवटी बाबांजवळ आला. गॉगल नव्हता. म्हणाला, "बाबा, आम्ही जायचं कुठे?"

बाबांनी यादीवरून नजर न काढता म्हटलं, "अर्ज कर. विचार करू."

हे ऐकून मला जे वाटलं ते लपवत नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टेम्पो वळेपर्यंत मी फाटकाशी उभी राहून पाहत होते, आणि मग वर गेले. वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. पश्चिमेची खिडकी मोठी होती. तिथे आमचं कपाट बसेल, पलंग आडवा लावावा लागेल, मधली पार्टिशनची भिंत काढली तर नवऱ्याला बसायला जागा होईल, असं माझ्या मनात चाललं होतं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. वळले तर बाबा दारात उभे होते, हातात यादी आणि पेन.

"साक्षीदार म्हणून सही कर," ते म्हणाले. "या वेळी वाचून."

मी वाचली. पंखे, नळ, काचा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: वरचा मजला रिकामा, कोणालाही दिलेला नाही. मी सही केली. त्यांनी कागद परत घेतला, माझी सही तपासली, मग पश्चिमेच्या खिडकीकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुलाही तोच नियम," म्हणाले आणि कठड्याला धरून खाली गेले.

नवरा रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत आम्हाला क्वार्टर सोडायचं होतं. पाचव्या महिन्यात मी अर्ज लिहिला, मराठीत, सुवाच्य अक्षरात. बाबांनी तो आठ दिवस ठेवून घेतला. नवव्या दिवशी उत्तर आलं, सहा अटींसह. मी ते दोनदा वाचलं आणि सही करायच्या आधी खाली जाऊन कूलरमध्ये पाणी भरलं.